मेणाचा कान

घरात पाऊल टाकताना मी अजून डाव्या टाचेनं दोनदा जमीन ठोकतो. वनिताला जाऊन दुसरं वर्ष लागलं, पण टाच ऐकत नाही. मुलगी चिडते. म्हणते, बाबा, लादी फुटेल, आणि आत आहे तरी कोण? आत कोणी नाही हे मला ठाऊक आहे. पण बोळिंजकडून टॉवर सरकत सरकत आमच्या वाडीच्या कुंपणाला येऊन टेकले आहेत, आणि दुपारी तिथं पाया ठोकायचं मशीन चालू झालं की त्याचा दणका जमिनीतून येऊन तळपायाला लागतो. दोन दणके, मग थोडं थांबून परत दोन. वनिता स्वयंपाकघरातून मला असंच बोलवायची. मी दर वेळी वळून बघतो. मशीन आहे हे कळायला मला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ती घरात असते.

तिचं बहिरेपण आम्हाला लग्नानंतर तिसऱ्या दिवशी कळलं. बघायला गेलो तेव्हा तिनं सगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली होती. नाव काय, भाकरी येते का, भाताची लावणी केली आहेस का. ती आमच्या ओठांकडे बघून बोलत होती आणि मला वाटलं पोरगी धीट आहे, सरळ तोंडाकडे बघते. लहानपणी तापात तिचा डावा कान पूर्ण गेला होता, उजव्यात थोडं राहिलं होतं. तिसऱ्या दिवशी तिच्या पाठीमागे दूध उतू गेलं, आय ओटीवरून ओरडत आली, "अगं दूध! दूध गेलं सगलं!" आणि वनिता पाटीतल्या चवळीच्या शेंगा मोडत शांत बसलेली. आयनं तिच्या डोक्यामागे पितळी आपटली. पितळीचा आवाज नाही, पण आपटल्याचा हादरा बसला तशी ती वळली आणि हसली. आयनं पितळी खाली ठेवली. "फसवलं," म्हणाली. "बहिरी दिली आपल्याला."

माझी आय वाईट नव्हती, पण तिची जीभ कोयत्यासारखी होती. वडील लवकर गेले, तिनं एकटीनं वाडी राखली, खाडीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांधावर स्वतः चिखल टाकला. तिचं एकच म्हणणं. "उद्या पोर झालं, पाळण्यात रडलं, ही आपली बसेल भाकऱ्या थापत. मी काय जलमभर पुरनार हाय?" तिनं ठरवून टाकलं की पावसाळा जाऊ दे, मग हिला माहेरी पोचवायची. हे ती वनितासमोरच बोलायची. तिला वाटायचं ऐकू जात नाही म्हणजे कळत नाही. वनिता तिच्या ओठांकडे बघत असायची. रात्री भाकरीचा पहिला घास तोंडात घालताना तिचा हात थांबायचा तेव्हा मला कळायचं की आज दिवसा आय काय बोलली असेल. मी पंचविशीचा होतो. चौथी शिकून शाळा सोडलेली, आयपुढे तोंड उघडायची सवय नाही. बायको पाहिजे होती, पण ते मोठ्यानं बोलायची छाती नव्हती. मोठं होणं म्हणतात ते माझं तेव्हा व्हायचं होतं.

तिला जे ऐकू यायचं ते सगळं जड असायचं. वाडीतलं पाण्याचं इंजिन तिला यायचं. त्याचा ठोका चुकला की माझ्याआधी तिला कळायचं, पदर खोचून ती धावत जायची. उखळात मुसळ पडलं की यायचं. माझा खोकला यायचा, बोलणं यायचं नाही. आणि माझा ढोल यायचा. लग्नसराईत मी बँडमध्ये मोठा ढोल वाजवत असे, छातीवर बांधून, वरातीत सगळ्यांच्या मागे. कर्णे, क्लॅरिनेट पुढे. लोक त्यांच्याकडे बघतात, ढोलवाल्याकडे कोण बघत नाही. पण आमच्या शेजारच्या एका वरातीत वनिता बायकांतून वाट काढत माझ्या बाजूला येऊन चालायला लागली. नंतर घरी येऊन म्हणाली, "अवो, तुमच्या ढोलाच्या वर काय वाजत होतं?" मी म्हटलं, गाणं. ती म्हणाली, "मला एक गानं पायजे. घरात. माझं मी ऐकीन." तिचा आवाज कधी फार मोठा यायचा, कधी फार बारीक. हे ती इतक्या बारीक आवाजात बोलली की मीच तिच्या ओठांकडे बघितलं.

आमच्या बँडची एक कॅसेट होती, त्याच वरातीत भरलेली. शेजारच्या फिलूमावशीच्या मुलानं, डॉमनिकनं, आपल्या टेपवर भरली होती. तो बोटीवर नोकरीला होता, त्याच्याकडे ही सगळी खेळणी असत. जुना वॉकमन त्यानं मला दिला, पण त्याचे कानात घालायचे गोळे तुटलेले. मग मी तुळिंजला सावंत मेकॅनिककडे जायला लागलो. सावंत मालवणकडचा, नवीन बिल्डिंगीत खाली गाळा घेतलेला, टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचा. मी म्हटलं, असा दे की ज्यात ढोल ऐकू येईल. त्यानं डोक्यावरून घालायचा स्पंजवाला दिला. मी वनिताच्या कानाला लावला, आवाज पूर्ण सोडला, तिनं मान हलवली. "मुंग्या चालतात," म्हणाली. परत गेलो. बटणासारखा दिला. तरी मुंग्या. तिसऱ्या वेळी सावंत वैतागला.

"भाऊ, तू गिऱ्हाईक आहेस की इन्स्पेक्टर? वस्तू चांगली आहे. तुझ्या बायकोचाच कान..." आणि थांबला. मग मऊ होऊन म्हणाला, "हे बघ. बारीक आवाज कानात कसाही जातो. बेस, म्हणजे ढोलाचा जाड आवाज, तसा नाही. कानात जरा फट राहिली की बेस बाहेर गळतो. टायरमधली हवा कशी जाते, तसा. त्याला पार आत घुसणारा पाहिजे आणि भोक बुजलं पाहिजे."

मला हे पटलं. इंजिनाच्या पाइपाला चिंधी गुंडाळणारा माणूस मी. घरी येऊन बटणाभोवती कापूस लावला. थोडा फरक पडला, तिनं भुवई उचलली. सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला, तिला टोचला. एकदा भिजवलेली कणीक लावली. ती कानातच सुकली, आणि ती काढताना आम्ही दोघं इतके हसलो की आय ओटीवरून म्हणाली, "काय चाललंय? कानात भाकरी थापता काय?" आता माझ्या नातीकडे गाणी ऐकायचे कानातले असतात, त्यांच्या डबीत रबराचे लहान-मोठे तीन जोड येतात, ज्याला जो बसेल तो. मी ते हातात घेऊन बसलो तर ती म्हणाली, आजोबा, हरवू नका. तीन जोड. मी एक जोड शोधायला एक अख्खा उन्हाळा घालवला.

डॉमनिक सुट्टीवर आला तेव्हा त्यानं बाहेरच्या देशातून पार कानाच्या भोकात जाणारा एक आणला. तोपर्यंत आमच्या बाजूला तसला कोणी बघितला नव्हता. मी आधी स्वतःच्या कानात घातला. ढोल माझ्या पाठीच्या कण्यातून उतरला. मी इतकी वर्षं तो वाजवत होतो, पण वाजवणाऱ्याला तो असा ऐकू येत नाही, हातालाच लागतो. डोळ्यांत पाणी आलं, ते मी फिलूमावशीच्या अंगणात पुसलं. पण वनिताचा कान बारीक. रबर आत बसेना, बोलायला तोंड उघडलं की बाहेर. आणि बाहेर आला की बेस गेला. ती हातानं दाबून धरायची, हात थकला की सोडायची. म्हणायची, "राहू दे. भात लावायचा हाय."

इकडे फिलूमावशीनं आयच्या डोक्यात दुसरंच घातलं होतं. आमच्या दोन घरांमध्ये एक पेरूचं झाड आणि कुंपणाला एक फट, त्या फटीतून गणपतीचे मोदक तिकडे आणि नाताळची पक्वान्नं इकडे जायची. मावशी म्हणाली, "अगो, पोरीला माहेरी पाठवायचं ते मागून. आदी आमच्या चर्चातल्या माउलीला कानाचा नवस बोल. तिच्या सणाला मेणाचा कान वाहायचा. माझा गुडघा नाय बरा झाला?" आय म्हणाली, "तुजा गुडघा अजून वाजतो." "वाजतो, पन चालतो!" मावशी म्हणाली. देवाच्या बाबतीत आय भेद करत नसे, ज्याच्या हातून काम होईल तो देव. तिनं मावशीबरोबर जाऊन मेणाचा कान आणला. पिवळट पांढरा, तळहाताएवढा, त्यावरच्या वळ्या खऱ्या कानासारख्या. आमच्या देवघरात गणपतीच्या बाजूला पितळीत ठेवला. सणाला अजून महिना होता. आयनं सांगून टाकलं, "वाहते. त्याच्यानं ऐकाय आलं तर राहील. नाय तर भात कापला की जाईल." रोज सकाळी दिवा लावताना ती आधी गणपतीला आणि मग कानाला हळद-कुंकू वाहायची. मेणाला कुंकू लागून तो कान खरोखरचा दिसायला लागला. मला त्याच्याकडे बघवत नसे. तो आमचंच सगळं ऐकतो आहे असं वाटायचं.

एका दुपारी आय बांधावर गेली होती. मी देवघरासमोर उभा राहिलो. मेण हे मऊ होतं, पाहिजे तसं बसतं आणि थंड झालं की घट्ट राहतं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. माझ्या वागण्याला मी यापेक्षा मोठं कारण देणार नाही. फिलूमावशीकडे मेणबत्त्या होत्या, एक मागितली असती तर तिनं दहा दिल्या असत्या. पण तिनं विचारलं असतं कशाला, आणि आयपर्यंत गेलं असतं. किंवा कदाचित मला हेच मेण पाहिजे होतं. कानासाठी बोललेलं आहे तर कानाच्याच कामाला येऊ दे, असं वाटलं असेल. मी कोयतीनं कानाची पाळी कापली. चिमूटभर. दिव्यावर ऊन केली, खोबरेल लावून तळहातावर मळली, डॉमनिकच्या त्या वस्तूभोवती बसवली, आणि वनिताला मागच्या दारी केळींत घेऊन गेलो. तिच्या उजव्या कानात ते गरम गरम हळूच दाबलं. तिनं डोळे मिटले. मेण तिच्या कानाच्या वळ्यांत उतरताना माझ्या बोटाला लागत होतं. गार होईपर्यंत आम्ही तसेच उभे. मग मी वॉकमनचं बटण दाबलं.

पहिल्यांदा तिनं माझं मनगट धरलं. मग सोडलं. ओठ हलायला लागले, पण ती बोलत नव्हती. एक बाजू संपेपर्यंत ती केळीच्या बुंध्याला टेकून उभी राहिली. मी विचारलं, येतं का? तिनं हातानं मला गप्प केलं. बायकोनं मला ऐकण्यासाठी गप्प केलं, ही पहिली वेळ. मग अचानक डोळे उघडून, अख्ख्या वाडीत जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "हितं तुमी चुकलात!"

चुकलो होतो. एक ठोका हुकला होता. त्या वरातीत ती बायकांतून माझ्या बाजूला येऊन चालायला लागली, तिथंच. बँडमधल्या कोणाला तो कळला नव्हता. कॅसेट शंभर वेळा ऐकणाऱ्या डॉमनिकला नाही. तो ठोका बहिऱ्या बाईनं धरला.

त्यानंतर रोज दुपारी ती केळींत जायची. आणि रोज एकच शब्द, "अजून." म्हणजे आवाज अजून. मी चाक फिरवायचो. दुसऱ्या दिवशी अजून. पूर्ण सोडला तरी अजून. तिच्या कानातून बाहेर आलेला ढोल मला दोन हातांवर ऐकू यायचा. मी देत गेलो. मला कळायला पाहिजे होतं. ढोलवाल्यांचे कान काय होतात हे मी बघितलेलं, आमच्या बँडमधला म्हातारा ताशेवाला समोरच्या माणसाच्या तोंडात कान घालून बोलायचा. पण तिचा चेहरा मला दिसत होता, आणि तो चेहरा असा झालेला मी दुसऱ्या कशानं बघितला नव्हता.

चौथ्या-पाचव्या दिवशी भाकरी थापताना ती गुणगुणायला लागली. वरातीचं गाणं. सूर नव्हता, पण ठेका पक्का, भाकरीवरची थाप त्यावरच. आय दारात थांबली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सूर वाकडा हाय. पन गाते." आणि पदरानं नाक पुसत कुंपणाच्या फटीकडे गेली. "फिलू! ए फिलू! वाह्याच्या आदीच पावली बग!" त्या संध्याकाळी आमच्याकडे वालाचं बिरडं आणि कोलंबीचं कालवण झालं, आणि आयनं वनिताच्या पानात आपल्या हातानं वाढलं.

सणाच्या दिवशी सकाळी आयनं नवं लुगडं नेसून देवघरातून कान उचलला, आणि तिला पाळी दिसली. म्हणजे नसलेली पाळी. तिनं कान फिरवून फिरवून बघितला. "हे कोनी केलं?" मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते आजही सांगता येणार नाही. कदाचित खरंच सांगितलं असतं. पण वनिता चुलीपाशी पाठमोरी बसली होती, आयचे ओठ तिला दिसत नव्हते, प्रश्न ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी ती मान न वळवता म्हणाली, "उंदीर."

एकच शब्द. त्यानंतर तो आमच्या घरातून गेला नाही.

आय तोच कान घेऊन गेली. मावशी म्हणाली नवा घेऊ, तर म्हणाली, "ह्याच्यानं गुन आला, हाच वाहीन." गर्दीत, मेणबत्त्यांच्या धगीत तिनं तो तुटकी बाजू खाली करून ठेवला आणि डोकं टेकलं. वनिता माझ्या शेजारी उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

भात कापणीच्या दिवसांत तिचा उजवा कान गेला. एका दुपारी केळींत तिनं वॉकमन काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, "बंद पडला." मी माझ्या कानाला लावला. ढोल वाजत होता. मी मान हलवून होय म्हटलं, बंद पडला. डॉक्टरकडे नेलं. त्यानं कानात बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, कान आधीपासून खराब होता, आज ना उद्या जाणारच होता. मग विचारलं, मोठा आवाज, फटाका, असं काही? मी नाही म्हणालो. वनिता डॉक्टरच्या ओठांकडे बघत होती. तिनंही नाही म्हणून मान हलवली.

आणि आय? मला वाटलं आता ही तिला माहेरी पोचवणार. आय त्या दिवशी जेवली नाही. म्हणाली, "माजी चूक. कानावर वाटी पालथी घालाय पायजे होती. उंदरानं खाल्लेला कान वाह्यला, माउलीनं तसाच परत दिला." त्यानंतर माहेरी पाठवायचा विषय तिनं कधी काढला नाही. मुलगी झाली, पाळणा हलवायला आय स्वतः बसली, आणि पोर रडलं की टाचेनं दोनदा जमीन ठोकून वनिताला बोलवायचं हे आयनंच सुरू केलं. ते मी तिच्याकडून घेतलं. म्हणजे माझी बायको घरात राहिली ती माझ्या छातीमुळे नाही. माझ्या आयनं माझी चूक आपल्या डोक्यावर घेतली म्हणून राहिली. मरेपर्यंत आय रोज संध्याकाळी देवघराखाली भाकरीचा तुकडा लावून उंदराचा पिंजरा ठेवायची. कधी एखादा सापडायचा. सकाळी ती पिंजऱ्यासमोर उकिडवी बसून त्याच्याकडे बघत राहायची, आणि म्हणायची, "हाच असंल." मी तो उंदीर खाडीवर नेऊन सोडायचो. रोज वाटायचं, आज सांगतो. बारा पावसाळे वाटलं. शेवटी तिच्या तोंडात पाणी घालतानाही वाटलं.

वनिताला मी एकदाच विचारलं. केस पांढरे झाले होते दोघांचे. ओटीवर समोर बसून, ओठ नीट हलवून विचारलं, तुझा कान मी घालवला काय गं? ती शेंगा मोडत होती. मोडत राहिली. मग म्हणाली, "अर्ध्या कानानं काय केलं असतं? तुमच्या आयची बडबड ऐकली असती." आणि हसली, आणि पाटी उचलून आत गेली. ही माफी होती की नुसता टोमणा, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. परत विचारायला पाहिजे होतं. परत विचारलं नाही.

तिचे दिवस झाल्यावर मुलीनं तिची पेटी उघडली. लुगड्यांच्या तळाशी पावडरीची जुनी डबी, आत डॉमनिकची ती वस्तू. वायर चिकट झालेली. टोकाला मेण, मधासारखं पिवळं पडलेलं. त्यावर तिच्या कानाची आतली सगळी वळणं होती, कुठं अरुंद, कुठं वाकडं, एका बाजूला एक केस अडकलेला. तिचा फोटो आहे माझ्याकडे, पण फोटो सगळ्यांनी बघितलेला. हे फक्त माझ्या बोटाला ठाऊक होतं.

नातीनं आपल्या जुन्या मोबाइलला ती वायर लावून बघितली. चालत होती. ढोलाचं काहीतरी लावून दिलं तिनं. मी मेण माझ्या कानात घातलं. बसेना. फिरवून बघितलं, दाबून बघितलं. बारीक आवाज येत होता, कर्णे, क्लॅरिनेट, सगळं वरचं. ढोल नाही. सगळा बेस फटीतून बाहेर गळत होता. मुलगी म्हणाली, "बाबा, जरा गरम करा ना मेण. मऊ होईल, तुमच्या कानात बरोबर बसेल."

बसेल. ते मला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. गरम केलं की ढोल येईल, पण त्या मेणात मग माझा कान असेल.

मी ती वस्तू डबीत ठेवली, डबी देवघरात ठेवली, आणि स्वयंपाकघरातून एक वाटी आणून तिच्यावर पालथी घातली.